सरांचा गृहपाठ

आमच्या हिंगणघाटच्या शाळेत जून महिन्यात सगळे शिक्षक आपापल्या उपक्रमाची जाहिरात करत वर्गावर्गांतून फिरायचे. स्काउटचे सर शिट्टी वाजवून दाखवायचे, संगीताच्या बाई पेटी घेऊनच यायच्या. चित्रकलेचे सर मात्र दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "माह्या परीक्षेले नाव देऊ नका."

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

"हसून काय राह्यले? इंटरमिजिएट म्हणजे चार पेपर. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. दहावीत वाढीव मार्क भेटतात, चित्रकला सोपी हाये, देऊन टाक नाव, असं तुमच्या घरी कोणीतरी सांगतलं असन. सोपी नाई. रोज दीड तास लागते. ज्याच्याजवळ रोजचा दीड तास नाई, त्यानं येऊ नोको."

एवढं बोलून ते पुढच्या वर्गाकडे निघून जायचे. गावातल्या दुसऱ्या शाळांतून या परीक्षेला शंभर-शंभर मुलं बसायची, आमच्या शाळेतून दहा-अकरा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वैतागायच्या. "सर, तुम्ही मुलांना घाबरवता," असं त्या एकदा सर्वांसमोर म्हणाल्या. सर म्हणाले, "घाबरवत नाई बाई. किती वेळ लागते ते सांगतो. बाकीचे कोणी सांगत नाई, म्हणून माह्यं भेव वाटते."

सर उंच आणि किडकिडीत होते. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल असायची. समोर काहीही आलं की एक डोळा मिटायचा, हात ताठ लांब करायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत त्या वस्तूचं माप घ्यायचं, ही त्यांची सवय. चहाचा कप, झेंड्याचा खांब, नवीन आलेले शिक्षक, काहीच सुटायचं नाही. एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि पहिल्या रांगेतून सरांनी डोळा मिटला. पाहुण्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. ते दोनदा अडखळले आणि भाषण लवकर आटोपून बसले. मोठ्या बाईंनी नंतर जाब विचारला तेव्हा सर म्हणाले, "त्यायचं शरीर डोक्याच्या साडेपाचपट बसते, बाई. साधारण माणसाचं साडेसात असते. मी दोनदा मोजलं."

त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून एकच शब्द निघायचा, "बसलं." चित्रातला टेबल टेबलासारखा जमिनीवर टेकला, घागरीच्या तळाला वजन आलं, की बसलं. नाहीतर बसलं नाई. आमच्या कागदाला ते कधी हात लावत नसत. दुसऱ्या शाळांतले मास्तर मुलांची चित्रं दुरुस्त करून देतात हे आम्हाला माहीत होतं. आम्ही हट्ट करायचो, "सर, एक रेघ मारून द्या ना." ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. "तुह्या कागदावर माह्या हाताचं काय काम?"

नववीत मला कावीळ झाली आणि माझी परीक्षा हुकली. म्हणून मी दहावीत नाव द्यायचं ठरवलं. हे ऐकून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. दहावी, सकाळची ट्यूशन, संध्याकाळचे जादा तास, त्यात ही चित्रकला! सरांनी माझं नाव लिहून घेतलं नाही. आधी समोर बसवलं आणि विचारत गेले. किती वाजता उठते, ट्यूशन कुठून कुठपर्यंत, घरी पाणी कोण भरते, भांडे कोण घासते, झोपते केव्हा. प्रत्येक उत्तराला कागदावर एक उभी रेघ. शेवटी म्हणाले, "अर्धा तास भेटून राह्यला. एक तास कमी पडते. बाबाले घेऊन येजो."

माझे बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. चित्रकलेसाठी आपल्याला शाळेत बोलावलं याचाच त्यांना राग आला होता. शनिवारी दुपारी कामावरून परस्पर आले ते ग्रीसचे हात घेऊनच. चित्रकलेच्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाले, "सर, पोरीले दहावी हाये. मार्क भेटतात म्हणते तं बसू द्या, पण अभ्यासाच्या मधात यायले नाई पायजे. चित्र काढाले असा कितीक वेळ लागते?"

सर उठले. स्टुलावर पितळी लोटा ठेवला, बाबांच्या हातात चित्रकलेची लाकडी पाटी, कागद आणि पेन्सिल दिली. "भाऊ, हात धुऊन या आणि एवढा लोटा काढा. मंग बोलू."

बाबांना वाटलं, थट्टा आहे. पण सर आपल्या जागेवर जाऊन पेन्सिली तासायला लागले होते. बाबा हात धुऊन आले, बसले आणि काढायला लागले. आयुष्यभर यंत्रांच्या भागांशी झटलेला माणूस, लोट्याच्या पोटाचा गोल त्यांनी झटकन काढला. अडलं ते तोंडापाशी. लोट्याचं तोंड खरं तर गोल, पण बसल्या जागेवरून दिसतं चपटं. बाबांनी ते खोडलं, काढलं, पुन्हा खोडलं. मी खिडकीपाशी उभी होते. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ आला, तो त्यांनी पुसला नाही.

"सर," ते शेवटी म्हणाले, "याचं तोंड काऊन बसून नाई राह्यलं?"

"माह्यंही सात-आठ वर्सं बसलं नोतं, भाऊ."

"आन् पोरीनं हे रोज करायचं?"

"रोज. आन् हा एकच पेपर झाला. असे चार."

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रस्त्याने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "उद्यापासून पहाटे पाच ते साडेसहा हिले नळावर धाडायचं नाई. पाणी मी भरीन." आई बघतच राहिली. आमच्या गल्लीत नळावर बायांच्या रांगेत पाण्याचा गुंड घेऊन उभा राहणारा पहिला पुरुष म्हणजे माझे बाबा. बायका हसायच्या. बाबा सप्टेंबर संपेपर्यंत उभे राहिले.

दीड तास असा मिळाला आणि तरीही ऑगस्टमध्ये मी चाचणीत गणितात नापास झाले. गणिताचे सर भले माणूस, पण स्पष्ट बोलणारे. त्यांनी भर वर्गात उत्तरपत्रिका दाखवून सांगितलं, "चित्रकला बंद कर. दोन दगडांवर पाय ठेवते तर पडशील." मी मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत गेले आणि माझं नाव कमी करा म्हणाले. बोलता बोलता रडलेही.

सरांनी माझं रडणं संपू दिलं. "गणिताचा अभ्यास होत काऊन नाई?"

"गृहपाठ लय असते, सर. सगळ्या विषयांचा. तो करता करता झोप येते."

"लय म्हणजे किती?"

"लय म्हणजे लय."

"असं नाई चालत. कोणीतरी मोजलं पायजे." मग म्हणाले, "मीच मोजतो. नाव सध्या राहू दे."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते खांद्याला दप्तर लावून. त्यांच्या भाच्याचं जुनं दप्तर होतं, त्यावर एक झिजलेलं कार्टून होतं. दप्तरात सहा कोऱ्या वह्या. त्या आठवड्यात दहावी अ ला जो जो गृहपाठ मिळाला, तो सगळा सरांनी घरी जाऊन केला. मराठीचे प्रश्न, हिंदीचे प्रश्न, इंग्रजीचा निबंध, विज्ञानाच्या आकृत्या, इतिहासाच्या टिपा आणि गणिताच्या एकाच वहीत बीजगणित-भूमिती. शाळा सुटल्यावर बसायचे, प्रत्येक विषयाला किती मिनिटं लागली ते समासात लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर वही जमा करायचे. वह्यांच्या गठ्ठ्यात त्यांची वही पाहून पहिल्या दिवशी इंग्रजीच्या बाईंना ही मुलांची खोडी वाटली. गणिताच्या सरांनी मात्र ती गंभीरपणे तपासली. लाल पेनाने फुल्या मारल्या आणि खाली लिहिलं, "पायऱ्या दाखवा. अक्षर सुंदर आहे."

आम्हाला त्या आठवड्यात शाळेत यायला जी मजा वाटली, ती त्याआधी कधी वाटली नव्हती. सरांना किती मिळाले हे पाहायला गर्दी व्हायची. एके दिवशी इतिहासाच्या बाईंनी अपूर्ण गृहपाठवाल्यांना उभं केलं, तेव्हा व्हरांड्यातून जाणारे सर थांबले आणि दारात उभे राहिले. "माह्याही दोन टिपा राह्यल्या, बाई. डोळे मिटून राह्यले होते." बाईंना सगळ्यांना बसा म्हणावं लागलं.

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत सरांनी सहा वह्या टेबलावर मांडल्या. पुढे काय झालं ते मला शाळेच्या शिपाईमावशींनी सांगितलं. सर म्हणाले, "रोजचे साडेचार तास लागले मले. मी मोठा माणूस, मले स्वयंपाक करायचा नाई, लहान भाऊ सांभाळायचा नाई. तरी साडेचार. त्यातला सव्वा तास कशात गेला सांगू? प्रश्न उतरवण्यात. पुस्तकात प्रश्न छापून हायेत, तेच वहीत पुन्हा लिहायचे. काऊन?"

मग हिंदीच्या सरांनी विचारलं, "आणि तुमच्या विषयाचं? रोज दीड तास तुम्हीच मागता."

शिपाईमावशी म्हणाल्या, सरांनी तेव्हा सातवी वही काढली. तिच्यात त्यांनी आम्हाला दिलेला चित्रकलेचा सरावही स्वतः केला होता. "संकल्पचित्राचे आठवड्याले तीन कागद मी मागत होतो. तिसऱ्या कागदात पोरं नवीन काहीच शिकत नाईत, नुसता रंग भरत बसतात. मीही तेच केलं. माह्यं चुकलं. सोमवारपासून एक."

सोमवारपासून प्रश्न उतरवणंही बंद झालं. मोठ्या बाईंनी सूचना काढली, नुसता प्रश्नक्रमांक लिहावा. दहावीच्या दोन्ही तुकड्यांनी त्या दिवशी डबे वाटून खाल्ले.

गणिताचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. तिथे वेगळंच घडलं. स्वतःच्या वहीतल्या लाल फुल्या सरांच्या मनाला लागल्या होत्या. ते रोज मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांसमोर वही घेऊन बसायला लागले आणि मलाही शेजारी बसवलं. वर्गसमीकरणात सर माझ्याहून कच्चे होते. चिन्ह बदलायला विसरायचे आणि चूक सापडली की आपल्याच कपाळावर हात मारून म्हणायचे, "बसलं नाई!" एवढा मोठा माणूस चुकतो, हसतो, पुन्हा मांडतो, हे पाहता पाहता माझी गणिताची भीती केव्हा गेली ते कळलंच नाही. इंटरमिजिएटला मला ब श्रेणी मिळाली. दहावीत गणितात मी वर्गात पहिली वगैरे आले नाही, पण चांगली पास झाले. पुढे पॉलिटेक्निकला स्थापत्यची पदविका केली आणि आज वर्ध्यात एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढते.

सरांच्या या गोष्टी मी बऱ्याच जणांना सांगितल्या आहेत. एक मात्र कोणाला सांगितली नाही.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी सुनंदा बसायची. तिची आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, म्हणजे तण काढायला, आणि कापूस वेचायला जायची. घरी दोन लहान भाऊ होते. सकाळचा स्वयंपाक करून, भावांना अंगणवाडीत सोडून सुनंदा शाळेत यायची. तिच्या पुस्तकांच्या प्रत्येक कोऱ्या पानावर माणसं असायची, पाठमोरी, वाकलेली, डोक्यावर भारा घेतलेली. माझ्यापेक्षा तिचा हात कितीतरी चांगला होता हे मला माहीत होतं. त्याच जूनमध्ये तिनेही नाव दिलं. सरांनी तिलाही समोर बसवलं, तेच प्रश्न विचारले, रेघा मारल्या. मी दारात माझ्या पाळीची वाट पाहत उभी होते.

"पंचवीस मिनिटं भेटून राह्यले, पोरी," सर म्हणाले. "एवढ्यात नाई होणार. आईले घेऊन येतं का?"

"तिची मजुरी बुडते, सर."

सरांनी कागदावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. "मंग राहू दे. उगा तुह्याच जिवाले त्रास होईन. दहावी पास हो आधी."

सुनंदाने मान हलवली आणि ती बाहेर आली. मी तिला काहीच बोलले नाही. मला ते बरोबरच वाटलं होतं. हिशोब सरळ होता. तिने त्यानंतर पुस्तकात चित्रं काढली की नाही, हे मी पाहिल्याचं मला आठवत नाही. माझे बाबा नळावर उभे राहत होते त्या दिवसांत मी एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नसणार.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त समुद्रपूरला गेले होते. बसस्टँडवर सर दिसले. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. मी पाया पडले. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी डोळा मिटून माझं माप घेतलं आणि म्हणाले, "काम झालं असन तं चाल माह्यासंगं. सुनंदाकडे जाऊन राह्यलो."

मी त्यांच्याबरोबर निघाले. बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरच्या लग्नाला ते या बाजूच्या गावात आले होते. वरातीच्या वाटेवर एका घराच्या भिंतीपाशी ते थांबले. चुन्याच्या भिंतीवर निंदणाला बसलेल्या बायांची ओळ काढलेली होती. गेरू आणि निळीचा रंग, बस्स. "बसलं होतं," सर म्हणाले. "इतकं बसलं होतं का माह्ये पाय हलेना." घर कोणाचं म्हणून विचारलं, तर आतल्या शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि सुनंदा बाहेर आली.

"मी तिले विचारलं, केव्हा काढलं हे? म्हणे, दुपारी पोरं झोपल्यावर, सर. रोज पंचवीस मिनिटं भेटतात."

सरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "तिनं टोमणा नोता मारला. हसूनच बोलली. पण तिले आकडा ध्यानात होता. मी म्हणलं, चुकलो मी, पोरी. तं म्हणे, नाई सर, तेव्हा कामच तेवढं होतं. रागावली असती तं बरं वाटलं असतं मले. तुह्यासाठी मी आठ दिवस गृहपाठ केला. तिच्यासाठी काय केलं? रेघा मारल्या आन् धाडून देलं. तिच्या मायले भेटाले मी वावरात जाऊ शकत होतो. सायकल होती माह्याजवळ."

मी म्हणाले, "सर, मीही तिथंच उभी होते."

"तू लहान होती," ते म्हणाले.

सुनंदाचं घर गावाच्या टोकाला होतं. दारात कडुलिंबाखाली मशीन, बाजूला शिवून झालेल्या ब्लाउजांचा ढीग. तिने मला लगेच ओळखलं, गळ्यात पडली, नवऱ्याला चहा ठेवायला सांगितला. नंतर आत जाऊन एक पाटी आणि कागद घेऊन आली आणि ओट्यावर बसली. सरांनी पिशवीतून चष्मा, सुई, दोरा आणि हुकांचं पाकीट काढलं. ढिगातलं पहिलं ब्लाउज मांडीवर घेतलं आणि हूक लावायला सुरुवात केली.

मी पाहतच राहिले.

"काय पाहून राह्यली?" सर सुईत दोरा ओवत म्हणाले. "हुकं लावाले तिले दोन तास लागतात. मी दर बुधवारी येतो. माह्या घरचीनं शिकवलं मले, आधी टावेलावर शिकलो. तेवढे दोन तास ती काढते."

"आधी मले लय लाज वाटे," सुनंदा म्हणाली. "सर अन् माह्या गिऱ्हाइकाचे ब्लाउज! म्हणलं, सर, असं नोका करू. तं म्हणे, मंग परत जातो. तीनदा आले तसे परत गेले, मंग मीच मान्य केलं."

सुनंदाचं काढणं सुरू झालं. समोर तिची सासू तूर पाखडत बसली होती, तिलाच ती काढत होती. सुपाचा आवाज तेवढा येत होता. चहा झाला. सर चित्राकडे एकदाही वळून पाहत नव्हते. त्यांची नजर हुकावर होती आणि जीभ दातांत धरलेली. बऱ्याच वेळाने सुनंदाने मान वर केली, सरांच्या मांडीवरच्या ब्लाउजाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, तो हूक उलटा लागला."

सरांनी कापड डोळ्यांपाशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला.

"उसवतो," ते म्हणाले. "तू काढ."